पाण्यात तांबं होतं

पद्मिनीची विळी तांब्याची झाली ती एका दुपारीत, आणि तीही निवडुंगापायी.

शेजारच्या रोझानं निवडुंगाची पानं दिली होती. ॲरिझोनात लोक निवडुंग खातात. काटे काढायचे, पट्ट्या चिरायच्या, कांद्यावर परतायच्या. पद्मिनी तेही शिकली होती. पण त्या पानांना भेंडीला लाजवेल अशी तार सुटते. विळीचं पातं बुळबुळीत झालं म्हणून तिनं विळी नळाच्या पाण्यानं भरलेल्या टबात बुडवून ठेवली आणि ती रोझाकडे गप्पा मारायला गेली. परत येऊन बघते तर पातं लालभडक.

आधी तिला वाटलं, गंज. घासणीनं घासलं, तर ते आणखीच चमकायला लागलं, देवघरातल्या ताम्हनासारखं. वरच्या खवणीचे दातसुद्धा तांब्याचे. मिरजेच्या लोहाराकडून आईनं घडवून घेतलेली विळी, शालीत गुंडाळून विमानातून आणलेली, कस्टमच्या माणसाला 'धर्माची वस्तू आहे' सांगून सोडवलेली. ती आता टोमॅटोसुद्धा कापेना. नुसता दाबायची.

संध्याकाळी नवरा आला. श्रीराम कंपनीत केमिस्ट होता. 'कंपनी' एवढंच म्हणायचं. टर्टल स्प्रिंग गावात दुसरी कंपनीच नव्हती. डोंगर फोडून तांबं काढायचं, उरलेल्या दगडांच्या ढिगावर ॲसिड शिंपडून आणखी तांबं काढायचं, आणि त्यातून जे खाली ओघळेल ते गावाच्या दिशेनं ओघळू द्यायचं, असा तिचा धंदा. श्रीरामचं काम गावाचं पाणी तपासून 'उत्तम' असं लिहायचं आणि खाली सही करायची. अख्ख्या काउंटीत सरकारमान्य लॅब एकच, ती कंपनीची. त्यामुळे कंपनीनं पाणी नासवलं अशी कोणी तक्रार केली की नमुना तपासायला कंपनीकडेच जायचा. कंपनी स्वतःची नाडी स्वतः बघायची आणि स्वतःला ठणठणीत ठरवायची. सरकारला ही व्यवस्था फार सोयीची वाटत होती. गाढवपणाला सरकारात सोय म्हणतात.

पद्मिनीनं विळी त्याच्यापुढे धरली. श्रीरामचा चेहरा ताकासारखा पांढरा पडला.

"गंज आहे," तो म्हणाला.

"गंज? अहो, गोल्ड मेडल मिळालं ना तुम्हाला नागपुरात? कशात मिळालं, गाण्यात?"

"ऑक्सिडेशनचे बरेच टाइप असतात, पद्मिनी."

"मराठीत सांगा."

"जेवायला वाढ."

त्याला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. लोखंड तांब्याच्या पाण्यात बुडवलं की लोखंड विरघळतं आणि तांबं त्याच्यावर येऊन बसतं, हे शाळकरी पोराला कळतं. पण शाळकरी पोराला ग्रीन कार्ड नसतं आणि घराचे हप्ते नसतात.

गावातलं पाणी नीट नाही हे सांगायला खरं तर विळीची गरज नव्हती. गावातल्या सोनेरी केसांच्या पोरांची डोकी हिरवी झाली होती. थट्टा नव्हे, खरीखुरी पोपटी. शाळेच्या ग्रुप फोटोत पहिली रांग कोथिंबिरीच्या वाफ्यासारखी दिसायची. रोझाच्या मुलांचे केस काळे, त्यामुळे ते काळेच राहिले. पण त्यांना सकाळी दुधाबरोबर उलटी व्हायची. कंपनीचा मॅनेजर हॉलकोम यानं पालकांना बोलावून समजावलं, की हिरवे फक्त सोनेरी केस होतात, म्हणजे दोष पाण्यात नसून केसांत आहे. मग कंपनीनं घरोघरी शाम्पूची बाटली फुकट वाटली. शाम्पू लावून डोकं त्याच पाण्यानं धुवायचं होतं.

गावाला चांगलं पाणी एकच उरलं होतं. डोंगराच्या वरच्या अंगाला एक झरा होता, ज्याच्यावरून गावाचं नाव पडलं. बायका गाड्या घेऊन वर जायच्या, कॅन भरून आणायच्या, आणि पोरांना तेच पाजायच्या. आता कंपनीला नेमकं त्या झऱ्याच्या डोक्यावर ॲसिडच्या पाण्याचं नवं तळं खणायचं होतं. सरकारची सुनावणी पुढच्या महिन्यात होती. तळ्याला परवानगी मिळाली की झरा संपला, आणि झरा संपला की पोरांना पाजायला शाम्पूच.

म्हणून रोझा आणि आणखी काही बायकांनी पाणी समिती काढली होती. समितीची बैठक कपडे धुण्याच्या दुकानात भरायची, कारण तिथे सगळ्यांचे पांढरे कपडे एकाच वेळी निळसर होताना दिसत. पद्मिनी समितीत होती आणि तिचा नवरा कंपनीत. तिला ते बोचायचं. बायका तिच्यापुढे काही बोलत नसत, पण लॅबचा विषय निघाला की सगळ्यांना एकाच वेळी मशीनमधले कपडे आठवायचे.

"सुनावणीत काय दाखवणार आपण?" रोझा म्हणाली. "बाटलीतलं पाणी दाखवलं तर ते म्हणतात, लॅबमध्ये द्या. पोरगं दाखवलं तर म्हणतात, डॉक्टरला दाखवा. डॉक्टर कंपनीचा."

"पाण्याकडे कोणी बघतच नाही गं," पद्मिनी म्हणाली.

मग तिनं एक साधी गोष्ट केली. नवी विळी कुठे मिळेल ते विचारायला तिनं फिनिक्सला प्रतिमाकाकूंना फोन केला. बोलता बोलता जुन्या विळीचं काय झालं ते सांगितलं.

त्याच शनिवारी दारात तीन स्टेशन वॅगन उभ्या.

फिनिक्सचं महाराष्ट्र मंडळ उतरलं होतं. पुढे त्र्यंबकराव, मंडळाचे अध्यक्ष आणि प्रतिमाकाकूंचे यजमान. मूळचे पुण्याचे. दर रविवारी अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना ते व्याकरण शिकवायचे आणि पोरं ती शिक्षा म्हणून भोगायची. "मी घर जातो" म्हणणाऱ्या एका पोराला त्यांनी "घरी! घरी! सप्तमी कुठे गेली तुझी?" असं इतकं झापलं होतं, की त्या पोरानं पुढे फुटबॉलच निवडला.

मागून बायका उतरल्या, हातात लोखंड. तवे, कढया, अडकित्ते, पावशा, एकीकडे तर सासूबाईंचा खलबत्ता.

"पद्मिनी, टब कुठाय?" प्रतिमाकाकूंनी चपला काढता काढता विचारलं. "माझा तवा आधी हं. मला पूजेला परात करायचीय."

"काकू, हे पाणी खराब आहे. विषारी आहे."

"अगं, विष कसलं? तांब्याचं पाणी ते!" त्र्यंबकराव म्हणाले. "आपण रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवून सकाळी मुद्दाम पितो. इथे कंपनी ते नळानं पाठवते. अख्खी अमेरिका ह्याला पैसे मोजेल. आण एक ग्लास."

"काका, नका."

काका प्यायले. मग काका प्यायले म्हणून सगळे प्यायले. कोकाकोलाच्या देशात आपलं काहीतरी फुकट मिळतंय याचा आनंद एकेकाच्या तोंडावर मावत नव्हता. थोड्या वेळानं तेच तोंड घेऊन सगळं मंडळ पद्मिनीच्या कुंपणाशी ओळीनं वाकलेलं होतं.

"कोठा साफ होतोय," वर डोकं काढून त्र्यंबकराव म्हणाले आणि पुन्हा खाली गेले.

पद्मिनीला हसावं की दगड मारावेत कळेना. शिकलेली माणसं. एक डॉक्टर, दोन इंजिनिअर. आतडी तोंडात आली तरी तवा टबातून काढेनात. संध्याकाळी ती सगळी पांढरीफटक तोंडं घेऊन तांब्याचे तवे मांडीवर ठेवून परत गेली, आणि जाताना काकूंनी विचारलं, "पुढच्या शनिवारी आलो तर चालेल ना? जोशांचा जिना लोखंडी आहे."

गाड्यांची धूळ खाली बसली, तेव्हा पद्मिनीच्या डोक्यात उजेड पडला. पाण्यासाठी कोणी येत नाही. तांब्यासाठी शंभर मैलांवरून येतात, ओकतात आणि पुन्हा येतो म्हणतात. मग कंपनी तर इथेच आहे, ती का नाही येणार?

सोमवारी तिनं आणि रोझानं किराणा दुकानासमोर टेबल टाकलं. टबात नळाचं पाणी. वर पाटी: 'तुमच्या नळातलं तांबं. फुकट. लोखंड घेऊन या.'

दुपारपर्यंत गाव लोटलं. घोड्याचे नाल आले, पाने आले, पलंगाच्या स्प्रिंगा आल्या. पाद्रीबाबा चर्चच्या दाराची बिजागरी उपटून घेऊन आले. एका म्हाताऱ्यानं युद्धातलं हेल्मेट बुडवलं आणि ते लाल झाल्यावर डोक्यावर घालून घरी गेला. बायकांनी मग ओढ्याच्या काठानं गंजके डबे आणि जाळ्या टाकल्या आणि दोन दिवसांनी त्यांच्यावरचं तांबं खरवडून बादल्या भरल्या.

तीन वर्षं पाण्याच्या तक्रारीला उत्तर न देणारा हॉलकोम स्वतः गाडी चालवत आला. पाटी वाचली. बादली बघितली. माणसाला आपलं पाकीट दुसऱ्याच्या हातात दिसावं तसा त्याचा चेहरा झाला.

"हे तांबं कुठलं?"

"तुम्हीच सांगा," पद्मिनी म्हणाली.

तो काही बोलला नाही. मूर्ख होता, पण गप्प बसण्याइतका शहाणा होता. त्याचा वकील मात्र तेवढा शहाणा नव्हता. स्टोक्स त्याचं नाव, फिनिक्सहून आणलेला, तासावर पैसे घेणारा. त्याला बादलीत फक्त बादली दिसली. कंपनीच्या डोंगरातलं तांबं बाहेरची बाई उचलते म्हणजे चोरी. त्यानं शेरीफला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी शेरीफ पद्मिनीच्या स्वयंपाकघरात उभा होता.

"मॅडम, तुमच्यावर तांबं चोरल्याचा आरोप आहे."

"कुठून चोरलं?"

शेरीफनं टोपी हातात फिरवली. "नळातून."

विळी आणि मंडळाची टबात राहून गेलेली एक कढई पुरावा म्हणून जप्त झाली. विळी कशी उचलावी ते शेरीफला कळेना. पात्याकडून धरली तर हात कापेल अशी भीती, पाटाकडून धरली तर खवणी पोटात जाईल अशी. शेवटी पद्मिनीनंच ती उचलून त्याच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली आणि पट्टा लावला.

त्या दिवशी श्रीराम घरी आला तो बूट न काढताच खुर्चीत बसला.

"तुला कळतंय का तू काय केलंस? हॉलकोम मला बोलावून विचारतो, युअर वाइफ इज अ थीफ? काय सांगू मी?"

"सांगा, हो. आणि विचारा, माल कुणाचा?"

 वकिलाला जे दिसलं नव्हतं ते केमिस्टला दिसलं. चोरी सिद्ध करायची तर पाण्यात कंपनीचं तांबं आहे हे कंपनीला शपथेवर सांगावं लागणार. आणि पाण्यात तांबं नाही, असं त्यानं स्वतः सही करून सांगितलं होतं. एकदा नव्हे, दर महिन्याला.

"पद्मिनी, माफी माग. मी हॉलकोमशी बोलतो. केस ड्रॉप होईल."

"आणि झरा?"

"झरा, झरा! आपण ह्या गावचे आहोत का?"

"पोटात कुठल्या गावचं पाणी जातं हो तुमच्या?"

तो उठला आणि नळ सोडून ग्लास भरला. मग ग्लासाकडे बघत राहिला. प्यायला नाही. 

गर्दी फार होती म्हणून खटला शाळेच्या जिममध्ये भरला. न्यायाधीशाच्या मागे बास्केटबॉलची रिंग. न्यायाधीश अर्ल हा गावचा न्हावी. तिथे छोट्या गावात न्यायाधीश निवडून येतो, त्याला कायदा यावा अशी सक्ती नसते. अर्लला केस कापता येत होते आणि तो कुणाचं उधार ठेवत नव्हता, एवढ्यावर गावानं त्याला निवडून दिलं होतं. काउंटीचा सरकारी वकील मासेमारीच्या सुट्टीवर होता, म्हणून कंपनीनं मोठ्या मनानं आपलाच वकील उसना दिला. यात किती नियम मोडले ते सांगायला वकील लागेल, आणि तिथला एकमेव वकील स्टोक्स होता.

पद्मिनी म्हणाली, "मी मराठीत बोलणार."

"तुम्हाला इंग्रजी येतं की," अर्ल म्हणाला. "माझ्या बायकोशी तासतासभर बोलता."

"येतं. पण इंग्रजीत मला नीट राग येत नाही."

अर्लला ते पटलं. दुभाषा शोधला तर मराठी येणारा गावात एकच, तिचा नवरा. कंपनीनं त्याला तज्ज्ञ साक्षीदार म्हणूनही आणलेलं होतं. अर्ल म्हणाला, चालेल, एकाच माणसाला दोनदा शपथ देऊ. श्रीरामनं दोनदा हात वर केला. प्रेक्षकांत मंडळही आलं होतं. न्यायासाठी नव्हे, जप्त झालेली कढई परत मिळते का बघायला.

स्टोक्सनं विळी टेबलावर ठेवली. अर्ल चष्मा लावून तिच्याभोवती फिरला.

"हे काय आहे? सुरी की खुर्ची?"

"दोन्ही, युवर ऑनर," श्रीराम म्हणाला.

"बसून दाखवा."

पद्मिनी जिमच्या लाकडी जमिनीवर विळीच्या पाटावर पाय ठेवून बसली. शेरीफचे दोन डेप्युटी मागे सरकले.

"विचारा तिला," स्टोक्स म्हणाला, "ह्या पात्यावर तांबं कसं आलं?"

श्रीरामनं मराठीत विचारलं. 

पद्मिनीनं त्याच्याकडे बघितलं, वकिलाकडे नाही. "तुम्हाला ठाऊक नाही? सांगा ना यांना. दर महिन्याला सही करताना हात कसा थरथरत नाही तेही सांगा. नंदीबैल!"

"काय म्हणाली?" अर्लनं विचारलं.

"ती म्हणते..." श्रीरामनं घाम पुसला. "ती मला एका पवित्र बैलाची उपमा देते."

"पुढे."

"मी विळी टबात ठेवली," पद्मिनी एकेक शब्द दगडासारखा ठेवत म्हणाली. "नळाचं पाणी होतं. पाण्यात तांबं होतं."

 जिममध्ये पंखा गरगरत होता. हॉलकोम पहिल्या रांगेत बसून त्याच्याकडे बघत होता. मग श्रीराम हळू आवाजात इंग्रजीत म्हणाला, "ती म्हणते, पाण्यात एक तांब्या होता. म्हणजे तांब्याचं एक पितळी झाकणाचं भांडं. पाणी प्यायचं. आमच्याकडे असतं. त्या भांड्याचं तांबं पात्याला लागलं."

सुटला होता बेटा. एका कान्यात सुटला होता. पाणी स्वच्छ, कंपनी स्वच्छ, बायको निर्दोष, नोकरी शाबूत. हॉलकोमनं मान मागे टेकली. रोझानं विचारलं, "काय झालं? काय म्हणाला तो?" आणि पद्मिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. आता इंग्रजीत ओरडावं म्हणून तिनं तोंड उघडलं.

त्याआधीच मागून गर्जना झाली.

"लिंग चुकलं!"

त्र्यंबकराव उभे राहिले होते. त्यांना खटल्याशी देणंघेणं नव्हतं. कंपनीशी भांडण नको, ग्रीन कार्डवाल्यांनी जपून राहावं, असं ते सकाळपासून सगळ्यांना सांगत होते. पण असला अत्याचार डोळ्यांदेखत सहन करणं त्यांना शक्य नव्हतं.

"कोण तुम्ही?" अर्ल म्हणाला.

"त्र्यंबक. मराठी शिकवतो. युवर ऑनर, हा माणूस खोटं भाषांतर करतोय. तांब्या, ते भांडं, ते पुल्लिंगी! तांबं, तो धातू, तो नपुंसकलिंगी! भांडं असतं तर बाई म्हणाली असती, 'तांब्या होता.' ती काय म्हणाली? 'होतं!' 'होतं' म्हणाली! क्रियापदावर अनुस्वार आहे, तो काय माशी बसलीय का? श्रीराम, अरे नागपुरात व्याकरण शिकवत नाहीत का रे?"

"काका, बसा ना," श्रीराम जवळजवळ रडत म्हणाला.

"बसत नाही! पाण्यात तांबं होतं. कॉपर! कॉपर वॉज इन द वॉटर! न्यूटर जेंडर!"

हॉलकोम उठला. पण त्याच्याआधी स्टोक्स उठला होता. तो कधीपासून ज्याची वाट बघत होता ते त्याला मिळालं होतं.

"बरोबर!" स्टोक्स ओरडला. "म्हातारबाबांचं बरोबर आहे! पाण्यात तांबं होतं!"

"स्टोक्स, खाली बस," हॉलकोम म्हणाला.

"एक मिनिट, सर. आणि ते तांबं कुणाचं? कंपनीचं! ढिगाऱ्यातून ओढ्यात उतरलं, ओढ्यातून विहिरीत, विहिरीतून नळात! प्रत्येक कण आमचा आहे, युवर ऑनर!"

"स्टोक्स!"

"प्रत्येक कण!"

लिहून घेणारी बाई भराभर लिहीत होती. अर्लनं चष्मा काढून पुसला. "पुन्हा सांगा. सावकाश. मला ऐकायला कमी येतं." त्याला ऐकायला उत्तम येत होतं. स्टोक्सनं पुन्हा सांगितलं, सावकाश, हातवारे करून, गावाचा नकाशा काढून.

मग अर्ल श्रीरामकडे वळला. "आता तुम्ही दुभाषे नाही, केमिस्ट. ह्या पात्यावर काय आहे? भांडं की धातू?"

श्रीरामनं हॉलकोमकडे बघितलं. मग त्र्यंबकरावांकडे, ते अजून उभेच होते, लाल झालेले. मग विळीपाशी बसलेल्या बायकोकडे.

"होतं," तो म्हणाला.

"काय?"

"सॉरी. मराठीत बोललो. कॉपर. कंपनीचं. पाण्यात होतं. दर महिन्याला होतं." आणि थोडं थांबून म्हणाला, "न्यूटर जेंडर."

अर्लनं निकाल द्यायला फार वेळ घेतला नाही. तो म्हणाला, की मी कायदा शिकलेलो नाही, पण मला एवढं कळतं की सापडलेली वस्तू मालकाला परत द्यावी. कंपनीचा माल ह्या गावात चहूकडे सांडलाय. नळात, विहिरीत, धुण्यात, पोरांच्या डोक्यावर. गावकऱ्यांनी तो सगळा गोळा करून कंपनीच्या दारात नेऊन द्यावा, आणि कंपनीनं तो ताब्यात घ्यावा. नाही म्हणायचं नाही.

"तांबं ताब्यात!" त्र्यंबकराव खूश होऊन म्हणाले. "अनुस्वाराचा केवढा फरक बघा."

त्या आठवड्यात टर्टल स्प्रिंगमध्ये जे झालं ते बघायला फिनिक्सहून टीव्हीवाले आले. कंपनीच्या फाटकापुढे रांग लागली. बादल्या, बाथटब, पोरांचे रबरी पोहण्याचे हौद, सगळे काठोकाठ भरलेले. रोझानं पाण्याची टाकी ट्रकवर घालून आणली. पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याचं पाणी आणलं. अर्ल दुकान बंद करून पोतं घेऊन आला. त्यात वर्षभर कापलेले हिरवे केस होते. प्रत्येक जण पहारेकऱ्याला नम्रपणे म्हणायचा, "तुमचा माल." पहारेकरी घ्यायला तयार नव्हता, पण कोर्टाचा हुकूम होता. संध्याकाळपर्यंत कंपनीच्या आवारात चिखल झाला आणि हॉलकोमची गाडी त्यात रुतली.

मग कंपनीनं अपील केलं. आपणच जिंकलेल्या केसवर. फिर्यादीचं म्हणणं असं, की आम्ही खोटं बोललो, ते तांबं आमचं नाही, आम्हाला हरवा. वरच्या कोर्टातला न्यायाधीश तो कागद उलटा धरून वाचत होता म्हणतात.

पण अपिलाचा निकाल लागायच्या आधीच सरकारची सुनावणी झाली. सरकारच्या माणसापुढे समितीनं ना बाटली ठेवली, ना पोरगं. स्टोक्सचं भाषण ठेवलं, कोर्टात लिहून घेतलेलं, नकाशासकट. सरकारी माणसानं ते वाचलं, हॉलकोमकडे बघितलं, आणि झऱ्यावरच्या तळ्याची परवानगी नाकारली. त्याला गावाचा कळवळा आला असं कोणी समजू नये. कंपनीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं नाकारायला त्याला काही सापडलं नाही, एवढंच. नळाचं पाणी अजून तसंच होतं. त्याच्यासाठी अजून भांडायचं होतं. पण झरा राहिला.

श्रीरामला अर्थातच काढलं. वर त्याच्या सह्यांची चौकशी लागली. सकाळी तो आता घरीच असायचा.

निकालात आणखी एक कलम होतं. विळी बाईची, पण तिच्यावरचं तांबं कंपनीचं. ते खरवडून परत करायचं. पद्मिनीनं विळी आणि काचकागद श्रीरामपुढे ठेवला.

तो ओट्याशी, जमिनीवर बसला. पाटावर पाय ठेवून. नागपूरच्या घरात त्यानं आयुष्यात कधी विळीला हात लावला नव्हता. खरवडता खरवडता खालून लोखंड काळंभोर दिसायला लागलं. लाल भुकटी वर्तमानपत्रावर जमत होती.

"आई विचारेल, नोकरी का गेली," तो म्हणाला. "काय सांगू?"

"सांगा, व्याकरणात नापास झालो."

तो बराच वेळ घासत राहिला. मग त्यानं कॅनमधून, वरून आणलेल्या झऱ्याच्या पाण्यानं ग्लास भरला आणि गटागटा प्यायला. तोंड पुसलं.

"हे पाणी तपासायला हवं," तो म्हणाला. "दर महिन्याला. कुणीतरी नीट."

पद्मिनीनं पात्यावरून अंगठा फिरवला. बोथट होतं.

"आधी धार लावून आणा," ती म्हणाली. "रोझानं पुन्हा निवडुंग दिलाय."